घड्याळजींचा चिमटा सातूच्या शेतात

मित्रांनो, माझी दोन टोके मिटली की त्यांच्यात एकच केस धरता येतो आणि तो तुटत नाही. ही बढाई नव्हे, हे माझे कामच आहे. मी एक जुना पोलादी चिमटा आहे. सातूच्या एका नव्या वाणाचा जन्म माझ्या टोकांमधून झाला, आणि त्याचा मला रास्त अभिमान आहे.

माझी घडण एका कारखान्यात झाली. पोलादाच्या दोन पट्ट्या मागे जोडल्या, पुढे सुईसारख्या घासल्या आणि भिंगाखाली तपासून मला डबीत ठेवले. तिथून मी एका घड्याळजींकडे आलो. जिन्याखालचे त्यांचे दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि पोट उघडून पडलेली घड्याळे. बारीक चाके आणि नाजूक स्प्रिंगा उचलण्यात माझी अनेक वर्षे गेली. पुढे घड्याळजींचा हात थरथरू लागला. त्यांनी दुकान आवरले आणि मला मुलीच्या हाती दिले. मुलगी पीक संशोधन केंद्रात होती. तिथे सगळे तिला बाई म्हणत.

"घड्याळाचा चिमटा आता गवतात घालणार?" घड्याळजींनी विचारले.

"गवत नाही बाबा, सातू."

"तेच ते. मी घड्याळ जुळवलं की ते लगेच टिकटिक करतं. तुझं चालू झालं हे कळणार कसं?"

"कळलं की तुम्हालाच बोलावीन."

केंद्राच्या एका कोपऱ्यात खाऱ्या मातीचे वाफे होते. भरघोस दाणे देणारा पांढरा सातू तिथे पिवळा पडून मान टाकायचा. बियाण्यांच्या शीतगृहातून काढलेला एक जुना काळा सातू मात्र हिरवागार उभा राहायचा, पण त्याच्या ओंब्यांत दाणे जेमतेम. पांढऱ्याचे उत्पन्न आणि काळ्याची सहनशक्ती बाईंना एकाच रोपात आणायची होती.

मित्रांनो, हे सोपे नसते. सातूच्या फुलात तीन परागकोश असतात आणि फूल आपले बी आपणच धरते. दुसऱ्या वाणाचे पराग द्यायचे तर ते तिन्ही परागकोश हिरवे असतानाच काढावे लागतात. पिवळे झाले की ते फुटतात. एकही आत फुटला, तरी मेहनत वाया. केंद्रातल्या जाड चिमट्यांनी दोन हंगाम हेच झाले होते.

"बाई, हा शेवटचा हंगाम," विभागाचे साहेब म्हणाले होते. "या वेळी नाही जमलं, तर खारे वाफे दुसऱ्या पिकाला देतो. माझ्या दाराशी रांग लागलीय."

आणि नेमक्या त्याच हंगामात, पांढऱ्या सातूच्या ओंब्या तयार झाल्या त्या सकाळी, साहेबांच्या स्टेपलरमध्ये पिन अडकली. मी समोरच्या टेबलावर होतो. साहेबांनी मला उचलले, पिनेत खुपसले आणि जोर लावला. पिन निघाली. माझे एक टोक वाकले.

"साहेब, हा चिमटा आहे, पक्कड नव्हे!" बाईंचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला.

"अहो, हाताशी होता म्हणून घेतला. कपाटातला दुसरा घ्या ना."

"कपाटातल्यांनीच दोन हंगाम बुडवलेत!"

परागकोश दुसऱ्या दिवशी पिवळे पडणार होते. बाईंनी मला रुमालात गुंडाळले आणि तडक वडिलांचे घर गाठले.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले. "कोणी केलं हे?"

"आमच्या साहेबांनी. पिन काढली."

"किती शिकलेत?"

"बाबा, आधी बघा ना! तुमचा हात थरथरतोय."

"हवेत थरथरतो. दगडाला टेकवला की शहाण्यासारखा वागतो."

त्यांनी तेल लावलेल्या दगडावर मनगट टेकवले आणि माझे टोक हळूहळू घासून सरळ केले. शेवटी बाईंच्या डोक्यावरचा एक केस उपटला आणि माझ्या टोकांत धरून दाखवला. "घे. आणि साहेबांपासून लांब ठेव."

त्या दुपारी मी ओंबीमागून ओंबी फुले उघडली. हिरवे परागकोश बाहेर काढताना मधल्या पिसासारख्या, पराग झेलणाऱ्या कुक्षीला धक्का लागू दिला नाही. बाईंनी ओंब्यांवर कागदी पिशव्या चढवल्या. कुक्षी तयार झाल्यावर काळ्या सातूचे पराग त्यांवर झाडले. थोडेच दाणे धरले, तेही सुरकुतलेले. पुढच्या हंगामात ते कुंड्यांत पेरले, आणि त्यांचा निकाल लागेपर्यंत साहेबांनी वाफ्यांचा निर्णय थांबवला.

संकर खरा की खोटा, हे ओंबीच्या रंगावरून ठरणार होते. पांढऱ्यापुढे काळा रंग वरचढ ठरतो. संकर जमला असेल तर पिकताना ओंबी काळी होणार. नसेल तर पांढरी.

पहिल्या कुंडीतली ओंबी पिकली. पांढरी. तिचा दाणा ज्या फुलातून आला, त्यात एक परागकोश राहून गेला होता. साहेब आले, पाहून गेले. वाफ्यांचा विषय त्यांनी काढला नाही, पण कुंड्यांभोवती दुसऱ्यांदा चक्कर मारली. बाई जेवल्या नाहीत. मग शेजारच्या कुंडीत तुसांवर करड्या रेषा दिसू लागल्या. रेषा गडद झाल्या. ओंबी काळी झाली, आणि तिच्यामागून इतरही.

बाईंनी वडिलांना बोलावून घेतले. घड्याळजींनी भिंग लावून ओंबी न्याहाळली, बराच वेळ.

"चाललं गं," ते म्हणाले. बाईंनी पदराने डोळे पुसले.

खारे वाफे बाईंकडेच राहिले. पिढ्यामागून पिढ्या पेरल्या, खारे पाणी पाजले, तगलेली भरदार रोपे निवडली. नंतर पानाच्या तुकड्यावरून रोपाचे गुण सांगणारे यंत्र आले. पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत, आणि मी रबरबँडांच्या खणात पडून राही. वाईट वाटे, खोटे कशाला बोलू? पण नवा संकर करायचा म्हटले की खण उघडतोच. यंत्र रोप ओळखते, फूल मात्र मीच उघडतो.

आज त्या वाफ्यांत नवा सातू कमरेएवढा उभा आहे, दाण्यांनी वाकलेला. मित्रांनो, तुमच्या हाती एखादे बारीक हत्यार आले, तर ते ज्या कामाचे आहे त्याच कामाला वापरा. पुसा, टोक झाका, जागेवर ठेवा. एका वाकलेल्या टोकाने अख्खे पीक हुकू शकते.

आमच्या साहेबांनी तर स्वतःच्या पैशाने पिना उपसायचे साधन आणून ते दोरीने टेबलाला बांधले आहे. कोणी माझ्या खणाकडे हात नेला, की ते खुर्चीतूनच ओरडतात, "अहो, तो नाही! तो कामाचा माणूस आहे."