पुढचा चक्का

“हे पाय बाई, उचलून तं पाय!” मुखरूने सायकलचं हँडल छातीपर्यंत उचललं आणि पुढचं चाक गिरजाबाईच्या तोंडासमोर गरकन फिरवलं. “किती जड हाये! मंग उशीर नाई होनार तं काय होनार?”

चाक फिरत राहिलं. गिरजाबाईने हातातली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, तिथे खूण केली, तरी चाक फिरतच होतं. शेवटी मुखरूलाच ते हाताने थांबवावं लागलं.

“चक्का तं बेस हाये, मुखरूभाऊ. दसऱ्याले मीच छर्रे बदलले.”

“बेस हाये, पन जड हाये.”

“सतरा सालं जड नाई लागला तुमाले?”

मुखरूने सायकल खाली टेकवली, टोपी काढली, पुन्हा घातली आणि रस्त्याकडे पाहिलं. अडीचची गडचिरोलीची एष्टी ज्या वळणावरून गेली होती, तिथली धूळ केव्हाच बसली होती. तो मात्र अजून तिकडेच पाहत होता.

मुखरू डाक वाहायचा. चिचटोल्याच्या छोट्या डाकघरातून बारा वाजता सीलबंद थैली घ्यायची, वाटेतल्या टोल्यांची, छोट्या वाड्यांची, पत्रं खांद्यावरच्या झोळीतून वाटायची, आणि बावीस किलोमीटरवरच्या धानोऱ्याला अडीचच्या एष्टीआधी थैली पोचवायची. चोवीस वर्षं झाली होती. पहिली सात पायी, नंतरची या सायकलवर. या पौषात थैली दोनदा चुकली, आणि त्यातली दुसरी खेप आजची. धानोऱ्याचे पोस्टमास्तर वामनराव म्हणाले होते, “मुखरू, तिसऱ्यांदा झालं तर मला वर लिहावं लागेल रे.” वर लिहिणं म्हणजे वाटेवर दुसरा माणूस. मुखरूला शेती नव्हती, दुसरा धंदा येत नव्हता. आणि आला असता तरी त्याने केला असता असं नाही. डाकवाला सोडून आपण आणखी कोणी असू शकतो, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

गिरजाबाईचं तसं नव्हतं. नवरा गेल्यावर तिने धानोऱ्यातलं हे सायकलचं दुकान विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत चार पंचर काढून पाहू म्हणून बसली, ती नऊ वर्षं बसूनच होती. ट्यूब कुठे फुटली हे पाण्यात बुडवलं की कळतं. माणूस कशात बुडवायचा, हा तिचा नेहमीचा प्रश्न. आताही मुखरूचा श्वास तिला ऐकू येत होता, बारीक काटा लागलेल्या ट्यूबसारखा. ती उठली आणि मागच्या भिंतीवरून एक चाक काढून आणलं.

“हा घ्या. रेसिंगचा. अल्मुनियमचा.”

मुखरूने ते हातात घेतलं आणि त्याचा चेहराच बदलला. एका बोटावर तोललं. “अरे बाप्पा! हे तं सूप हाये.”

“ठेकेदाराच्या भाच्यानं नागपूरवरून सायकल आनली होती. एका पावसाळ्यात दिमाग ठिकान्यावर आला. दोनी चक्के मले देऊन गेला.”

“मंग दोनी दे.”

“मागचा तुमाले नाई लागत. त्याले पाच चकत्या हायेत, तुमची चेन बसत नाई. अन् मागं थैलीचं वजन, त्याले चाळीस तारांचाच चक्का पायजे. देला तं हा पुढचा देईन. पन एक आयका. तुमचे ब्रेक दांडीचे. त्याचे रबर रिमले खालून, पोटातून धरते. ह्या रिमले पोटच नाई. हे बाजूनं धराचं काम. पुढचा ब्रेक लागनार नाई.”

“ब्रेक कायले पायजे, बाई? मले थांबाचं नाई. पोचाचं हाये.”

“दुसरा उपाय सांगू? आपली रिम ठेवा, तारा नव्या टाकतो. सस्त्यात होईल.”

“हलका होईल?”

“नाई.”

“मंग?”

“वजन चक्क्यात नाई, भाऊ,” गिरजाबाई म्हणाली. कशात आहे ते मात्र ती बोलली नाही. मुखरूने विचारलंही नाही. त्याने खिशातून बायकोच्या, रुखमाच्या, ब्लँकेटसाठी ठेवलेले साठ रुपये काढले आणि जुन्या चाकावर ठेवले, जसं काही चाकच पैसे घेणार होतं. “हा जुना तुह्याजवळ राहू दे,” तो म्हणाला.

पहिल्याच दिवशी एष्टी यायच्या वीस मिनिटं आधी मुखरू धानोऱ्यात हजर. वामनरावांनी घड्याळाकडे पाहिलं, मग मुखरूकडे. मुखरू उगाच डाकघराच्या पायऱ्या तीनदा चढला-उतरला. आलेल्या-गेलेल्या सगळ्यांना त्याने चाक उचलून दाखवलं. चहावाल्याला तर दोनदा.

नाल्याच्या उतारावर काय झालं ते मात्र त्याने कोणाला सांगितलं नाही. पुढचा ब्रेक दाबला, तर रबराने हवा धरली. मागचा एकटा किंचाळला, जळका वास सुटला. मुखरूने दोन्ही चपला जमिनीला घासत कशीबशी सायकल आवरली. दुसऱ्या दिवसापासून तो उतार आला की खाली उतरायचा. म्हणजे इतकी वर्षं तो नाल्याचा चढ पायी चढत होता आणि उतार बसून उतरत होता. आता चढ बसून चढायचा आणि उतार पायी. हिशेब तोच.

मग वीस मिनिटं कुठून आली? तर न थांबण्यातून. नाक्यावरचा वनरक्षक बिडी पुढे करायचा, मुखरू “वापस येतानी!” म्हणत पुढे. मोहाच्या झाडाखालचा बुधू रोज विचारायचा, “आज तारीख कोनती गा?” मुखरू तारीख ओरडून सांगायचा आणि महिना पुढच्या वळणावरून. या दोघांच्याही आधी, टेकडीच्या चढावर, अगदी माथ्याजवळ, ठमाबाईचं घर. ती कुंपणाशी उभी असायचीच.

“मुखरू गा, पत्र हाये काय?”

तिचा मुलगा सुकलू घुग्घुसच्या कोळसा खाणीत होता. पोळ्यापासून ती रोज विचारत होती आणि मुखरू रोज उतरून, पत्र नाही हे माहीत असूनही, झोळी पूर्ण धुंडाळत होता. तोवर ती पाणी आणायची, आणि तो सुकलूला शिव्या द्यायचा. पुढच्या तिन्ही टोल्यांत त्याने सांगून ठेवलं होतं की असा नालायक पोट्टा पाहिला नाही, आईला दोन ओळी लिहवत नाहीत. ऐकणारे माना हलवायचे आणि भलतीकडे पाहायचे.

आता तो उतरत नव्हता. “नाई आलं, बाई!” म्हणत पायडल मारत माथा गाठायचा. तिसऱ्या दिवशी त्याने डबा घरी ठेवला. चौथ्या दिवशी कुलूप काढलं, घंटी काढली. रुखमा म्हणाली, “उद्या धोतर काढून जा.” तो हसला नाही. रात्री अंथरुणात त्याचे पाय हलत राहायचे आणि ती ते हाताने दाबून धरायची.

सहाव्या दिवशी ठमाबाई कुंपणाशी नव्हती. भर रस्त्यात उभी होती.

“मुखरू, उतर गा जरा! पत्र हाये काय?”

“नाई! सरक, बाई, ब्रेक नाई मले!”

ती सरकली. मुखरू दहा-बारा हात वर गेला. मग पायडल खाली जाईना. पुढचं हलकं चाक डावीकडे वळलं, आपल्या मनानेच वळल्यासारखं, आणि मुखरू सायकलसकट कडेच्या गवतात हळूच बसला. पडला असं म्हणता आलं नसतं. छातीत कोणीतरी पंप मारत होतं आणि हवा मात्र आत जात नव्हती. डोळ्यांसमोर सागाची पानं काळी झाली.

कोणीतरी त्याला पाठीमागून धरलं. दांडगे हात, बाहीवर तणसाच्या काड्या. “काका, उठू नोका. बसा असेच.”

घोटभर पाणी पोटात गेल्यावर मुखरूने मान वळवली. सुकलू होता.

“तू कवा आला बे?”

“दिवाळीपासून इथीच हाये ना जी. खान सोडली मी.”

“पोट्ट्या, तुले मांगच्या आंगनात राह्य म्हटलं होतं ना!” ठमाबाई ओरडली.

“मानूस पडून राह्यला अन् मी मांगच्या आंगनात राहू काय?”

मुखरू दोघांकडे पाहत राहिला. “मंग पत्र कोनाचं इचारून राह्यली होती, बाई?”

ठमाबाईने लोटा उगाच पदराने पुसला. “कोनाचंच नाई.”

“मंग?”

“पोळ्याले तुले ह्या चढावर धापा टाकताना पायलं. झाडाले धरून उभा होता. बस म्हटलं असतं तं बसला असता काय तू? पत्राचं इचारलं का डाकवाल्याले उतराच लागते. झोळी पायते, शिव्या देते, तेवढ्यात दम घेऊन होते.” मग तिने मुलाकडे पाहिलं. “ह्याले मात्र लगित शिव्या पडल्या.”

“मले सवय हाये,” सुकलू म्हणाला.

त्याने धानोऱ्यापर्यंत सोबत यायचं म्हटलं. मुखरूने नको म्हटलं. थैली चाचपली, सील पाहिलं आणि सायकल हाताने ढकलत निघाला. उरलेली वाट त्याला निराळीच दिसत होती. “आज तारीख कोनती गा?” बुधूने झाडाखालून विचारलं. मुखरू थांबला आणि त्याच्याकडे निरखून पाहू लागला. बुधूला ना कोर्टाचं काम, ना बँकेचं. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत त्याला वारही ठाऊक नसायचा.

“तुले तारीख कायले पायजे रे?”

बुधू गोंधळला. “असंच.” मग बाजेवर सरकून त्याने जागा केली. मुखरूने सायकल झाडाला टेकवली आणि बसला. नाक्यावर बिडी घेतली नाही, पण तिथेही बसला. घाई उरली नव्हती, तरी पायांना ते कळत नव्हतं. बसल्या जागी ते हलत होते.

धानोऱ्यात पोचला तेव्हा सव्वातीन झाले होते. वामनराव एकटेच होते. त्यांनी थैली घेतली, सील पाहिलं, आणि घड्याळाकडे पाठ करून बसले.

“हे बघ मुखरू, थैली उद्या सकाळच्या गाडीने घालू. मी काही लिहीत नाही. एखाद्या वेळेस होतं.”

मुखरूने त्यांच्याकडे पाहिलं. “तुमी पन काय, मास्तर?”

“मी पण काय?”

“काई नाई जी. लिवा तुमी. नाई तं कागद द्या, मीच लिवतो.”

“अरे, कशाला उगाच? चाक नवीन टाकलंस ना?”

“चक्का बेस हाये. कागद द्या.”

वामनरावांनी पॅड आणि पेन पुढे सारलं. मुखरू बाकावर बसायला तयार नव्हता. उभ्यानेच, काउंटरवर वाकून, त्याने लिहायला घेतलं. चोवीस वर्षं दुसऱ्यांचे पत्ते वाचून शिकलेलं अक्षर; प्रत्येक शब्द गावाच्या नावासारखा सुटा, ठळक. अर्ज चार ओळींचा झाला. चढ चढवत नाही. दुसरा माणूस पाहावा. तो येईपर्यंत डाक मीच आणीन, पण थैली अकराला मिळावी. नव्या माणसाला वाट दाखवायला पंधरा दिवस द्यावेत, कारण वाटेत माणसं आहेत.

“शेवटची ओळ नको,” वामनराव म्हणाले. “वरच्यांना काही कळणार नाही.”

“राहू द्या.”

मग त्याने सही केली. आजवर कागदावर तो नुसता ‘मुखरू’ लिहायचा. आज ‘मुखरू सोमाजी गेडाम’ असं पूर्ण लिहिलं. पेन इतकं दाबून की काउंटरची फळी कुरकुरली. टोपी नीट केली आणि बाहेर पडला.

वामनरावांनी कागद पॅडवरून काढून पाकिटात घातला. वर पाठवायला चार शब्द आपणही लिहावेत म्हणून पॅड जवळ ओढलं. कोऱ्या पानावर सही खोल उमटली होती, शाईशिवाय, पण स्पष्ट वाचता येत होती. त्यांनी ते पान उलटलं आणि खालच्यावर लिहायला घेतलं. तिथेही ‘गेडाम’ होतंच. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आणखी एक पान उलटलं.