डमीवरची तीन भोकं

रिट्रीव्हर प्रशिक्षण क्लबला पंचवीस वर्षं होत होती आणि क्लबचा इतिहास लिहायचं काम घड्याळजींच्या गळ्यात पडलं. खरं तर त्यांनी ते मागूनच घेतलं होतं. पहिल्या वर्षीच्या परीक्षेत त्यांच्या दादाच्या कुत्रीवर 'कडक तोंडाची' असा शिक्का बसला होता. आणलेली वस्तू चावणारी कुत्री म्हणजे क्लबच्या लेखी कामातून गेलेली. दादा त्या दिवशी दोरी गुंडाळून जो गेला, तो पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही. घड्याळजींकडेही कामापुरताच बोलायचा. आता तो सत्तरीला आला होता. तो डाग पुसला गेला तरच तो समारंभाला येईल, हे घड्याळजी ओळखून होते.

यात अध्यक्षांचा हात आहे, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्या वर्षीचा चषक अध्यक्षांच्याच कुत्र्याने मारला होता ना! शिवाय कपाटाची किल्ली मागितली तर हा माणूस म्हणतो, "जुनं कशाला उकरून काढताय?" घड्याळजींचे कान टवकारले.

किल्ली शेवटी मिळाली. चषकांच्या मागे पंचांनी पुरावा म्हणून ठेवून घेतलेली ती डमी होती, कुत्र्याने उचलून आणायची कॅनव्हासची भरीव पिशवी. तेव्हा परीक्षेला प्रत्येकाने आपापली डमी आणायची पद्धत होती. घड्याळजींनी खिडकीपाशी बसून डोळ्याला भिंग लावलं. सुळे चार, भोकं तीन! म्हणजे चावणाऱ्याचा एक सुळा तुटका होता. दादाच्या कुत्रीचे तर चारही शाबूत.

"सापडलास बेट्या," ते म्हणाले आणि त्यांनी अल्बम ओढले.

अध्यक्षांचा कुत्रा आ वासून बसलेला, सगळे सुळे जागच्या जागी. घड्याळजी चक्क हिरमुसले. मग त्यांनी संशय खजिनदारावर वळवला, तिथून क्लबच्या डॉक्टरीणबाईंवर. एकेक कुत्रा भिंगाखालून गेला आणि निर्दोष सुटला. शेवटच्या फोटोत अगदी कडेला एक काळी कुत्री जांभई देत होती. वरचा डावा सुळा अर्धाच. पिल्लू असताना दगड चावून तिने तो तोडला होता. घड्याळजींना हे पक्कं माहीत होतं, कारण कुत्री त्यांचीच होती.

भिंग खाली ठेवताना त्यांना सगळं आठवलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी सरावाला म्हणून त्यांनी दादाची डमी नेली होती आणि ती पिंजऱ्यात कुत्रीपाशीच विसरले होते. डमी कुत्र्यापाशी सोडायची नाही, हा तर पहिला धडा. सकाळी घाईघाईत, न बघताच त्यांनी ती दादाच्या झोळीत कोंबली होती.

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"दादा, डमीवरचे दात माझ्या कुत्रीचे होते."

पलीकडे दादा खोकला. "ठाऊक आहे. पंचांनी डमी दाखवली तेव्हाच कळलं. तिचा तुटका दात मी बघितला नव्हता होय?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. तू शेजारीच तर उभा होतास."

"मला माहीतच नव्हतं रे! शपथ. मी इतकी वर्षं अध्यक्षांवर संशय घेत होतो."

"आणि मी तुझ्यावर," दादा म्हणाला. "मैदान मी कुणामुळे सोडलं असं वाटलं तुला?"

घड्याळजींना फार लाज वाटली.

"आता लिहिशील ते नीट लिही," असं म्हणून दादाने फोन ठेवला. समारंभाला येणार का, हे विचारायची घड्याळजींची हिंमत झाली नाही.