शेवटचं घर

आमच्या चर्चमध्ये रविवार देवाचा आणि बाकीचे दिवस आईच्या डब्यांचे, असं पाळक गमतीने म्हणायचे. आई मात्र ते अगदी मनावर घ्यायची.

चर्चच्या मागच्या अंगाला एका खिडकीचं बुटकं स्वयंपाकघर होतं. मंडळीतल्या बायका सकाळी तिथे जमायच्या, बटाटे सोलता सोलता अख्ख्या वस्तीची उणीदुणी काढायच्या आणि जेवणाच्या वेळेआधी डबे भरून मोकळ्या व्हायच्या. आसपास जे कुणी आजारी, एकटे, अंथरुणाला खिळलेले असतील त्यांच्या घरी ते डबे जायचे. माणूस चर्चला येतो की नाही, हे विचारायचं नाही. एका काकूंनी एकदा विचारलं, तर आईने उत्तर म्हणून त्यांच्या पुढ्यात कांद्यांची टोपली ठेवली.

जवळच घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ राहायचे. त्यांचा डबा रोज जसाच्या तसा परत येऊ लागला. बायका म्हणाल्या, नखरे आहेत म्हाताऱ्याचे. आई स्वतः बघायला गेली. त्यांचे हात इतके थरथरत होते की डब्याचं झाकणच निघत नव्हतं. जन्मभर बारीक बारीक चाकं बसवलेल्या माणसाला ते सांगायची लाज वाटत होती. त्या दिवशी घरी येऊन आई रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. डबा दारात ठेवून पळायचं नाही. झाकण उघडायचं, शेजारी बसायचं, पहिला घास पोटात गेल्याशिवाय उठायचं नाही. नियम सगळ्यांना लागू, पाळकांनासुद्धा.

फेरीतलं शेवटचं घर आई स्वतःकडे ठेवायची. बाकीच्या घरी पुढचे डबे गार होतील म्हणून घाई, शेवटच्या घरी कसली घाई? ज्याला सगळ्यांत जास्त बोलायचं असेल, त्याचं घर ती शेवटी घ्यायची आणि मग बसायची, बसायची, बसायचीच. मी शाळेतून यायची तर आईचा पत्ता नाही. बाबा म्हणायचे, "शेवटच्या घरी मुक्काम ठोकलेला दिसतोय." कुणाचंही असो, त्या शेवटच्या घराचा मला भयंकर राग यायचा. आता मात्र ओल्या पदराच्या, कांद्याच्या वासाच्या, घाईघाईने येणाऱ्या आईची ती वाट बघणं आठवतं. वाट बघायला कुणीतरी होतं, हेच केवढं होतं!

बाबा गेले आणि पुढच्याच वर्षी आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, "अंगात जरा ताकद येऊ द्या, मगच ऑपरेशन. नाहीतर यांचा पलंग काही सुटायचा नाही." आणि नेमकं आईचं खाणंच आटलं. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. सकाळी उशाशी ताट झाकून जायची, परत यायची तर ताट तसंच. ओरडले, विनवण्या केल्या. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी पाळकांना जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, शाळेला सणाची सुट्टी होती, कंडक्टरकाका डबा घेऊन दारात हजर. जन्मभर बसवर तिकिटं फाडलेला माणूस. निवृत्त झाल्यावर आईनेच त्यांना डब्यांच्या कामाला जुंपलं होतं.

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "पिटलीस दवंडी? आता मी डबे खायचे?"

काकांनी झाकण उघडलं, बाबांची खुर्ची पलंगाशी ओढली आणि बसले.

"भूक नाही मला. ठेव नि जा."

"ठेवून जायचं नसतं, ताई. नियम आहे."

"माझ्यापुरता राहू दे."

"पाळकांना लागू आणि तुम्हाला नाही होय?"

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. डब्यातलं सूप निवत चाललं. काका छताकडे बघत बसले, गाडी सुटायची वाट बघावी तसे. मी काही बोलायला गेले तर त्यांनी हातानेच गप्प केलं.

बऱ्याच वेळाने आई भिंतीलाच म्हणाली, "पिशवीत अजून कुणाचे डबे आहेत?"

"शिंपीणबाईंचा. आणि कोपऱ्यावरच्या मास्तरांचा."

"अरे, मग जा की! मास्तर दारात खुर्ची टाकून वाट बघत असतील."

"असतील. पण मला उठता येत नाही ना. नियम काय मी केला?"

आई वळली. इतकी संतापली होती की चेहऱ्यावर रंग आला होता. "मेल्या, माझीच काठी नि माझ्याच पाठीत?" तिने काकांच्या हातातला चमचा हिसकावून घेतला आणि सूप तोंडात घातलं. "मीठ कमी आहे," म्हणाली.

काका लगेच उठले. पिशवी खांद्याला लावली.

"उठलास पण?"

"एकाच घासाचा नियम आहे, ताई. मास्तर थांबलेत."

आई हातातल्या चमच्याकडे बघत राहिली. "हे गेल्यापासून एकटीला घास उतरत नाही रे," ती म्हणाली. हे ती मला एकदाही बोलली नव्हती. मी रोज ताट झाकून निघून जात होते. मग खालच्या आवाजात, जिने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं ती आई म्हणाली, "उद्या मला शेवटचं घर कर."

काका उगाच मोठ्याने बोलले. "शेवटचा स्टॉप! तिथून पुढे गाडी जातच नाही."

त्यानंतर महिन्याभरात आईचं ऑपरेशन झालं. पण मला आठवतो तो दुसऱ्या दिवसाचा प्रसंग. मी शाळेतून आले तर आतून दोघांचे आवाज. मास्तरांची, शिंपीणबाईंची, सगळ्या वस्तीची उणीदुणी चालली होती. आई तोंड भरलेलं असताना हसत होती. मी आत गेले नाही. शाळेची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. काकांच्या घरी कुणीतरी वाट बघत असेल, लहानपणी मला यायचा तसा राग त्याला येत असेल, हे कळत होतं, आणि तरी मी मनात म्हणत होते, बसा काका, अजून थोडं बसा.