पट्टीखालचा भंडारा

आईची माया म्हणा नाहीतर अवदसा म्हणा, आठवली ती आठवलीच! वडगावच्या मनुबाईनं परवा भेटीच्या वेळेत लेकीच्या मानेवरची पट्टी हळूच उचलली. औषधाची नळी जिथं आत शिरत होती, तिथं यल्लम्माचा चिमूटभर भंडारा लावला आणि पट्टी परत दाबून बसवली. सिस्टर माधवीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, ही नळी काळजाजवळच्या शिरेत जाते. अजिबात हात लावायचा नाही." पण जन्मभर मागावर रेशीम हाताळलेली बाई ती. तिला वाटलं, आपला हात काय घाण हाय व्हय?

आज त्या लेकीला, मंजुश्रीला, अशी हुडहुडी भरली की खाट वाजायला लागली. ताप एकशे चार. आठवड्यापूर्वीच तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं.

"जंतू नळीतून गेले की पोटातून?" डॉक्टरांनी विचारलं. "माधवी, खरं सांग."

"सर, दरवेळी हात धुऊनच नळीला हात लावलाय. पट्टीसुद्धा परवा सकाळीच बदलली."

"मग दोष पोटातच. रिपोर्टची वाट बघण्याइतका वेळ नाही. पोट पुन्हा उघडू. पण तब्येत फार नाजूक आहे, टेबलावर काहीही होऊ शकतं."

जावई किशननं सहीला पेन उचललं. मनुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. सांगावं तर जावई उंबऱ्यावर उभं करणार न्हाय, न सांगावं तर लेक जाणार!

"थांबा सायेब! पट्टीखाली भंडारा हाय. म्याच लावलाय."

"मामी!" किशन ओरडला. "हात का झडलं न्हाईत तुमचं?"

डॉक्टरांनी पट्टी सोडवली. भंडाऱ्याखाली मान लालभडक सुजली होती, नळीच्या तोंडाशी पू होता. "नळी काढा. हाताच्या शिरेतून औषध चालू करा. ऑपरेशन थांबवा."

"वाचंल न्हवं, सायेब?"

"परवाच सांगायचं होतं, बाई. आता सांगता येत नाही."

दुपारी मंजुश्रीनं डोळं उघडलं. "आई," म्हणत तिनं हात पुढं केला. मनुबाईनं आपलं दोन्ही हात पदराखाली लपवलं.

"मावशी, साबणानं नीट धुऊन या," माधवी म्हणाली. "मग धरा."

मनुबाई बेसिनकडं पळाली. नखं घासली, मनगटं घासली. दारापर्यंत आली, हाताकडं बघितलं आणि माघारी फिरली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिनं नळ सोडला, तेव्हाही आत लेकीचा हात तसाच पुढं होता.