वाकड्या तोंडांचा आरसा

मी आरसा बोलतोय. नटीचा नव्हे, न्हाव्याचाही नव्हे, एका व्यंगचित्रकाराचा! इतर आरशांपुढे माणसं तोंड नीट करतात. माझ्यापुढे मात्र रोज सकाळी एक टकलू गृहस्थ गाल फुगवतो, डोळे वटारतो, नाकपुड्या फेंदारतो आणि तेच तोंड कागदावर उतरवतो.

मूळचा मी त्याच्या आत्याचा. पाहुणा जिना उतरला रे उतरला, की आत्या माझ्यापुढे त्याची हुबेहूब नक्कल करायची आणि हा चिमुरडा हसून हसून लोळायचा. पुढे मला त्याच्या हवाली करताना ती म्हणाली, "लोकांना वेडावतोस ना? मग आधी स्वतःचं तोंड बघत जा." तेव्हापासून शहरातले सगळे ढोंगी, लाचखाऊ आणि बडबडे आधी माझ्यात उमटले, मग पेपरात.

पण एकदा गाडं अडलं. नवे नगराध्यक्ष आले. रोज उठून शहराला 'पाणी येणार' म्हणायचे. चेहरा मात्र धुतलेल्या पाटीसारखा कोरा! चित्र काही जमेना. संपादकांचा फोन आला, "आज संध्याकाळपर्यंत चित्र नाही आलं, तर तुमच्या जागी जाहिरात. कायमची!" बिचाऱ्याचा चेहराच पडला. माझाही जीव खालीवर झाला.

तेवढ्यात बायको आली. "अहो, स्वयंपाकघरातला नळ कधीचा गळतोय!"

"बघतो गं, आज नक्की."

"अस्सं म्हणता तुम्ही!" तिने मान तिरकी केली, हात छातीशी नेला, डोळे मिटले आणि गोग्गोड हसली. "'बघतो गं, आज नक्की!' बघा जरा आरशात!"

त्याने माझ्यात बघून पुन्हा तसंच हसून पाहिलं आणि तो टुणकन उडालाच. "अगं, सापडलं! पाणी येणार म्हणताना साहेब असेच हसतात, माझ्या लक्षातच आलं नव्हतं!"

दुसऱ्या दिवशी शहरभर हशा पिकला. खुद्द साहेबांनी फोन केला, "हे हसू पकडलंत तरी कुठे हो?"

"आमच्याच घरात होतं, साहेब," हा म्हणाला.

आता माझा एक कोपरा तडकलाय, पण मी मजेत आहे. बायकोने ते चित्र कापून नळावर चिकटवलंय. तुम्हीही या, माझ्यापुढे खुशाल वाकडी तोंडं करा. फक्त येताना एखादा प्लंबर घेऊन या हो. नळ अजून गळतोच आहे!