टाचा टेका

मी मच्छे गावच्या मष्णू वस्तादाची लेक, गुणाबाई. तालमीच्या घरातलं खाल्लंप्यालेलं अंग; उचलायला हलकी मी कधीच न्हवते. त्याची काळजी वाटली ती लगीन ठरल्यावर. उचगावचं सासर, आन् सासरच्या रिवाजानं नवऱ्यानं नवरीला उचलून खंडोबाच्या पाच पायऱ्या चढायच्या. मधीच पाडलं तर सारा गाव जलमभर हसणार!

सुपारीला आमचे हे आले. आबांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, विचारलं, "व्यायाम काय करताय?"

"रोज बैठका. तापातबी खाडा न्हाय!"

"मारा बघू."

ह्यांनी धोतर खोचलं आन् सुरू झाले. अगंबाई! टाचा वर, पाठीला पोक, अर्ध्यातनंच परत उभे. कोंबडी दाणे टिपते तसं चाललेलं. दाराआड मी पदर तोंडात कोंबला.

आबांनी कपाळाला हात लावला. "जावईबापू, एकच मारा. पण टाचा टेकून, छाती काढून, पार खाली बसून."

"एक?" हे फुगले. "रोज मारतोय म्हणतोय न्हवं मी!" चहासुद्धा न घेता गेले.

लगीन लागलं. हलगीच्या कडकडाटात वरात खंडोबाच्या पायऱ्यांशी आली. ह्यांनी कमरेतनं वाकून मला गुडघ्यापतोर उचललं आन् लगेच परत टेकवलं. गाव खो खो हसला. "कणगी हाय रं, दाण्यांनी भरलेली कणगी!" कोण तरी वरडलं. मला हसू आन् रडू एकदमच आलं. ह्यांचं तोंड तर भंडाऱ्याहून पिवळं.

हे पुन्हा वाकले, तशी मी कानाशी पुटपुटले, "टाचा टेका."

"आँ?"

"टाचा! पाठ ताठ. आधी पुरतं खाली बसा. मला छातीशी धरा. आता पायांच्या जोरानं उठा."

उठले की हो! पहिली पायरी. "टाच." दुसरी. "टाच." नवरी कानात काय गोड बोलतीया, म्हणून ह्यांच्या आत्याच लाजल्या. पाचवी चढली तरी हे मला खाली ठेवीनात. हे हसतायत, मीबी हसतीया.

"नाव घे गं!" बायका वरडल्या. डोक्यात दुसरं काय येतंय?

"खंडोबाच्या पायरीला भंडाऱ्याची रास,
टाच टेकली रवळूरावांनी, झाला न्हाय तरास!"

वऱ्हाडात एकट्या आबांना कळलं. हसून हसून त्यांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते. घरामागच्या परड्यातनं हळूच हाक आली, "जरा भाईर ये गं."

हे पार खाली बसलेले, मांड्या लटलट कापतायत.

"टेकल्यात का टाचा?" ह्यांनी विचारलं.

"टेकल्यात."

"मग आज एकच मारणार."