टाकीखालचा साबण

मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि माझी तक्रार क्रासेनबद्दल आहे. क्रासेन हा आमच्या घरचा मुलगा, वय एक्केचाळीस. एरवी दिवसभर तोंडात सिगारेट धरून हिंडणारा. पण मंगळवारपासून तो माझ्या दहा पावलांच्या आत काडीसुद्धा ओढत नाही. जवळ यायचं झालं तर आधी सिगारेट बुटाखाली विझवतो, दोनदा चुरगाळतो, मग येतो. तुम्ही म्हणाल, किती सभ्य माणूस. मित्रांनो, असा माणूस एकाएकी सभ्य झाला की मला धडकी भरते.

आधीच सांगते, मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरं ओळखते ती फक्त माझ्या नंबरपाटीवरची. बाकी जे काही शिकले ते स्तामेनाच्या अंगणात उभी राहून. स्तामेना म्हणजे क्रासेनची आई. तिच्या तोंडाला लागायला गावचा पाद्रीसुद्धा कचरतो. सत्तावीस वर्षं तिच्या शेजारी काढल्यावर माझीही जीभ तशीच झाली आहे. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा धरू नका.

माझा जन्म इटलीतला. लाल रंगाचे तीन हात अंगावर चढवून मला कारखान्याबाहेर काढलं, तेव्हा माझ्यात लोकांना तोंड बघता येत होतं. पहिल्या मालकाने चार वर्षांत मला टाकलं. मग बारा जुन्या गाड्यांबरोबर ट्रकमध्ये उभी बांधून मला बल्गेरियात आणलं आणि डोंगराच्या पायथ्याच्या या गावात वेल्कोने विकत घेतलं. वेल्को म्हणजे स्तामेनाचा नवरा. विहिरींचे पंप दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. मागे हत्यारांची पेटी, बाजूला लोखंडी नळ्या बांधलेल्या, अशी मी डोंगरातली तेवीस गावं हिंडले. पंप सुरू झाला की बायका वेल्कोला गरम बनित्सा, म्हणजे पनीर भरलेली थरांची पोळी, द्यायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "काय राबते ही." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण ऐकायची.

पहिल्या दिवशी वेल्को मला घेऊन निघाला, तेव्हा स्तामेना तांब्याचं भांडं भरून बाहेर आली. आमच्याकडे कुणी कामाला, परीक्षेला, लांबच्या वाटेला निघालं की दारात त्याच्यापुढे पाणी ओततात. वाट पाण्यासारखी वाहती राहावी म्हणून. स्तामेनाने त्यात स्वतःची भर घातली. अर्धं पाणी माझ्या टाकीवर, उरलेलं वाटेवर. "आधी हिला, मग रस्त्याला," ती म्हणाली. "ओझं ही वाहणार आहे, रस्ता नाही." वेल्को गेला त्या दिवसापर्यंत हा नेम एकदाही चुकला नाही.

दोन गोष्टी मी त्या रस्त्यांवर पाहिल्या, त्या आता सांगायलाच हव्यात.

एकदा वळणावर दगड उडून माझ्या टाकीला बारीक भोक पडलं. वेल्कोने खिशातून साबणाचा तुकडा काढला आणि भोकात घासून घासून भरला. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, म्हणून गळती थांबते. पण ती घर गाठण्यापुरतीच. सात किलोमीटर तो मला ढकलतच आला. पोरसवदा क्रासेन बरोबर होता. त्याने विचारलं, "आता गळत नाही ना, मग बसू या की." वेल्को म्हणाला, "साबण आहे तो, लोखंड नाही." दुसऱ्याच दिवशी त्याने टाकीला पत्र्याचा डाग लावून घेतला.

दुसरी गोष्ट म्हणजे खिंडीत जळालेली निळी मोटारसायकल. तिच्या टाकीतून पेट्रोल ठिबकून तापलेल्या इंजिनावर पडत होतं. कुठून तरी ठिणगी उडाली. वेल्को माती घेऊन धावेपर्यंत तिचा सांगाडा उरला होता. चालवणारा वाचला, पण त्याचे हात मी पाहिले. तेव्हापासून पेट्रोलचा वास बाहेर आला की माझ्या अंगातली तार न् तार ताठ होते.

सहा वर्षांपूर्वी वेल्को द्राक्षाच्या मळ्यात कोसळला आणि उठला नाही. मला कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभं केलं गेलं, टाकी अर्धी भरलेली तशीच. स्तामेना अंगावरची धूळ पुसायची. पण टाकी रिकामी करायची असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो प्लोवदिव शहरात राहत होता. दमट हवेचं पाणी आत साठत गेलं. गंज आतून खातो, मित्रांनो. बाहेरून मी लालच होते.

आता सप्टेंबरात क्रासेन पंधरा दिवसांच्या रजेवर आला आणि म्हणाला, "आई, ही विकून टाकू. जागा अडवते."

स्तामेना म्हणाली, "जागा तर तूही अडवतोस."

पण तिने नाही म्हटलं नाही. उभ्या उभ्या कुजण्यापेक्षा कुणीतरी चालवलेली बरी, असं तिचं मत. माझंही तेच होतं. क्रासेनने फोनवर माझे फोटो काढले, सगळे उजव्या बाजूने, कारण डावीकडे पोचे आहेत. जुन्या वस्तू विकायच्या कुठल्याशा पानावर ते चढवले आणि मजकूर आईला वाचून दाखवला. "एकाच घरातली. छपराखाली ठेवलेली. एक थेंब गळत नाही."

"छपराखाली कोंबड्या होत्या, तेही लिही," स्तामेना म्हणाली.

फोन येऊ लागले. निम्मे लोक नमस्कारसुद्धा न करता विचारायचे, "शेवटचा भाव बोला." एकाने बदल्यात दोन बकऱ्या आणि गवत कापायचं यंत्र देऊ केलं. एकाला माझी फक्त चाकं हवी होती. बाकीचं भंगारात घालतो, म्हणाला. त्या दिवशी मी जी घाबरले, तेवढी भीती पुरे असं वाटलं होतं. पण मंगळवार यायचा होता.

मंगळवारी क्रासेनने जुनं पेट्रोल ओतून टाकलं, इंजिन साफ केलं, नवं पेट्रोल भरलं आणि टाकीच्या पोटाखालून ते ठिबकायला लागलं. त्याने बोट लावलं, शिवी दिली. डाग लावणारा कारागीर तीन गावं पलीकडे, आणि गुरुवारी गिऱ्हाईक येणार. तो घरात गेला आणि येताना मुठीत साबणाचा तुकडा घेऊन आला. बापाची युक्ती. भोकात घासून घासून भरला आणि वर काजळी चोळली. "महिनाभर टिकेल," तो पुटपुटला. "पुढचं घेणारी बघून घेईल."

बापाची अर्धीच युक्ती शिकला होता तो.

गुरुवारी झोर्नित्सा आली. ती परिचारिका आहे. वरच्या चार गावांत म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायला जाते. बस बंद झाल्यापासून पायीच. तिने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझी मुलगी राडा पुढे बसेल, टाकीवर. सात वर्षांची आहे. शाळा वाटेतच लागते. मागे बसवली की झोप लागते तिला."

मी क्रासेनकडे पाहिलं. बोल, मी मनात म्हणत होते. आता बोल. तो म्हणाला, "बसेल की."

त्या दिवशी अंगणात हिवाळ्यासाठी मिरच्या भाजून सोलायचं काम चालू होतं. लाल मिरच्यांची दोन पोती आणि मध्ये पेटलेलं लोखंडी पिंप. क्रासेन मला सारखा फाटकाकडे ढकलत होता.

"आगीची इतकी धास्ती कधीपासून घेतलीस?" स्तामेनाने पिंपाजवळून विचारलं. "लहानपणी तर चिमटा धरून पिंपातच डोकावायचास."

"धूर लागतो, आई."

"धूर? तुला?"

झोर्नित्सा म्हणाली, "दादा, आधी तुम्हीच एक फेरी मारून दाखवा ना. आवाज ऐकते."

"मारली असती, ताई. पाठ धरली आहे सकाळपासून. तुम्हीच बसा."

ती बसली. मित्रांनो, मला तोंड नाही. मी एकच करू शकत होते, सुरू न होणं. पहिल्या लाथेला मी गप्प राहिले. पण वेल्कोने इतकी वर्षं लावलेली सवय, शिवाय लोकांसमोर नापास व्हायचं नाही ही माझी जुनी घमेंड. दुसऱ्या लाथेला मी धडधडत सुरू झाले. धुराची नळी तापू लागली. वरचा साबण थरथरतोय हे मला जाणवत होतं, आणि त्यावर होतं दहा लिटर पेट्रोल.

तेवढ्यात स्तामेना तांब्याचं भांडं घेऊन आली.

क्रासेनचा चेहरा उतरला. बापाकडून तो भोक बुजवायला शिकला, पण शहरात राहून आईचा नेम विसरला होता. पेट्रोलमध्ये न विरघळणारा साबण पाण्यात काय करतो, हे त्याला तेव्हा आठवलं.

"आई, पाणी नको. तारा भिजतील."

"वीस वर्षं भिजत होती, तेव्हा नाही विरघळली. सर बाजूला."

आणि तिने अर्धं भांडं माझ्या टाकीवर रितं केलं. पाणी दोन्ही अंगांनी वाहत पोटाखाली जमलं. मी धडधडत होतेच. थोड्या वेळाने माझ्या पोटाखालून पांढरा फेस यायला लागला.

स्तामेना वाकली. "क्रासेन, हिला फेस कशाचा आला?"

"धूळ असेल."

"धुळीला फेस येत नाही." तिने बोटावर फेस घेतला, वास घेतला. "यात लॅव्हेंडर आहे. हा माझा साबण. मी घरी कढवते तो. मंगळवारी त्याचा कोपरा कापलेला दिसला, तेव्हा तू म्हणालास उंदराने खाल्ला."

त्याच क्षणी पहिला थेंब तापलेल्या नळीवर पडला. चर्र आवाज आला आणि पेट्रोलचा वास अंगणभर पसरला. मग दुसरा थेंब. मग धारच लागली. दहा पावलांवर पिंपातून मिरचीची जळकी सालं उडत होती, टोकाला लाल निखारा घेऊन. एक साल माझ्या चाकापाशी येऊन पडलं. मला ती निळी मोटारसायकल दिसली.

झोर्नित्साने किल्ली फिरवली आणि उतरून बाजूला झाली. ओरडली नाही. आजाऱ्यांबरोबर राहून तिला ती सवय असावी. स्तामेना वळली आणि भांड्यातलं उरलेलं पाणी, वर हौदातल्या दोन बादल्या, पिंपात ओतून आली. हिवाळ्याची अर्धी बेगमी तिथल्या तिथे राखेत गेली. क्रासेन तेवढा हलला नाही.

झोर्नित्साने मला फाटकाबाहेर ढकलून नेलं, खाली बादली लावली आणि आत आली. "दादा, तुम्हाला माहीत होतं?"

क्रासेनची नजर फाटकाकडे गेली.

"मी राडाचं नाव घेतलं, तेव्हाही?"

स्तामेनाने हात पुसले. "पोरी, तू आता जा. टाकी नीट झाली की निरोप देते. यायचं की नाही ते तू ठरव."

"बघते, मावशी," झोर्नित्सा म्हणाली आणि चालत निघाली. आली होती तशीच, पायी.

मग स्तामेनाने क्रासेनला फोन काढायला लावला. "लिही. टाकीला भोक आहे. मुलाने साबण लावून झाकलं होतं. मुलगा माझा आहे."

"असं कुणी लिहितं का, आई?"

"मला लिहिता येत असतं तर तुझ्याकडून कशाला लिहून घेतलं असतं. पुढे लिही. टाकी दुरुस्त होईपर्यंत फोन करू नये."

टाकी कारागिराकडे गेली. त्याने पेट्रोल काढलं, भडका उडू नये म्हणून आत पाणी भरलं, गंजलेला भाग कापून जाड पत्रा बसवला. क्रासेन चार दिवस रोज तिथे जाऊन उभा राहायचा. पाचव्या दिवशी झोर्नित्साचा निरोप आला. तिने ते नवं लिहिलेलं वाचलं होतं. गाडी घेईन, म्हणाली, पण न्यायला येणार नाही, घरपोच हवी.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात उभं असेल तर त्याची टाकी रिकामी करून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा वाकून त्याच्या पोटाखाली बघा. दुसऱ्याला द्यायचं झालं तर जे दुखतं ते आधी सांगा. आम्हाला बोलता येत नाही. तुमचं न बोललेलंही आम्हालाच अंगावर घेऊन जावं लागतं.

शनिवारी सकाळी मी फाटकापाशी उभी होते. भीती गेली होती असं म्हणणार नाही. डाग नवा होता आणि वरच्या गावाचा रस्ता मला ठाऊक आहे. क्रासेन म्हणाला, "शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून पाठवू, आई. माझी पाठ..."

स्तामेना आत गेली. तांब्याचं भांडं आणलं, अर्धं माझ्या टाकीवर ओतलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. बराच वेळ पोटाखाली बघत राहिली. पाणी टपकत होतं, नितळ. मग ती उठली, उरलेलं पाणी वाटेवर ओतलं आणि किल्ली क्रासेनच्या हातात ठेवली.

"माझा मुलगा आहेस म्हणून जेवायला वाढीन, पण विश्वास आजपासून नव्याने कमवायचा. दुसऱ्याच्या लेकीला जिथे बसवणार होतास, त्या टाकीला मांड्या लावून आधी तू बस. आणि वर पोचेपर्यंत खाली काय ठिबकतंय ते स्वतः ऐकत जा."